दहावीनंतर विद्युत अभियांत्रिकीची पदविका की अकरावी विज्ञान? मुलीसाठी निर्णय घ्यायचा आहे

कृष्णाकाठ | 18 मे 2025

सर्वांना नमस्कार. 13 मे रोजी दहावीचा निकाल लागला आणि माझ्या थोरल्या मुलीला 84.60 टक्के गुण मिळाले. गणितात 88 आणि विज्ञानात 81 आहेत. शाळा सेमी इंग्रजी माध्यमाची होती. निकालाच्या दिवशी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून घरात एकच चर्चा सुरू आहे, म्हणून येथील जाणकारांचा सल्ला घ्यावा असे वाटले.

माझे पलूस तालुक्यात मोटार रिवायंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून देण्याचे दुकान आहे. किर्लोस्करवाडी जवळच असल्याने पंप आणि मोटारी हा आमच्या भागातल्या माणसांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विषय आहे. द्राक्षबागांचा हंगाम सुरू झाला की जळालेल्या मोटारींची दुकानात रांग लागते. मुलगी सातवीत असल्यापासून सुट्टीत दुकानात येऊन बसते. जळालेले वायंडिंग स्टेटरमधून (मोटारीच्या स्थिर भागातून) ओढून काढण्याआधी प्रत्येक कॉइलचे टर्न, म्हणजे वेढे, मोजावे लागतात आणि तारेचे गेज, म्हणजे जाडी, नोंदवावी लागते. गेली तीन वर्षे हे काम तीच करते आणि त्यासाठी तिने एक वही केली आहे. मागच्या महिन्यात पाच अश्वशक्तीची एक मोटार तिसऱ्यांदा जळून आली, तेव्हा तिने वहीतल्या जुन्या नोंदी काढून दाखवल्या. तिन्ही वेळा एकाच फेजच्या (वीजपुरवठ्याच्या तीनपैकी एका तारेच्या) कॉइल शाबूत होत्या आणि बाकीच्या दोन फेजच्या काळ्या पडल्या होत्या. म्हणजे दोष मोटारीत नव्हताच, शेतकऱ्याच्या स्टार्टरमध्ये एक फेज तुटत होता. मी स्वतः आयटीआय केले आहे, पण ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

तिला विद्युत अभियांत्रिकीची पदविका करायची आहे. सौभाग्यवतींचे आणि माझ्या मेहुण्यांचे म्हणणे असे की, 84 टक्के मिळवणाऱ्या मुलीने डिप्लोमाला जाणे म्हणजे गुण वाया घालवणे, तिने सांगलीला अकरावी विज्ञानाला प्रवेश घ्यावा, क्लास लावावा आणि सीईटी द्यावी. क्लासवाल्यांनी दोन वर्षांचे मिळून पावणेदोन लाख सांगितले आहेत. पैशाची जुळणी कशीबशी होईल, पण पाठची दोन भावंडे शिकायची आहेत. कोणता मार्ग तिच्यासाठी योग्य ठरेल, हे कृपया सविस्तर सांगावे.

सह्यकडा | 18 मे 2025

दादा, मुलीचे अभिनंदन. तरीही माझे मत अकरावी विज्ञानाच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण गुण वाया जाण्याचे नाही. पंधराव्या वर्षी मुलाला जे आवडते ते बहुतेक वेळा त्याने घरात पाहिलेले असते. तुमच्या मुलीने दुकान पाहिले आहे. तिने प्रयोगशाळा, शस्त्रक्रियागृह, वास्तुविशारदाचे काम यांतले काहीच जवळून पाहिलेले नाही. बारावी विज्ञान केल्यावर औषधनिर्माणशास्त्र, वैद्यकीय, कृषी, मूलभूत विज्ञान, एनडीए असे सगळे मार्ग खुले राहतात. पदविकेनंतर वैद्यकीय आणि एनडीए तर बंदच होतात, कारण त्यांना बारावी लागते. दोन वर्षे थांबून सतराव्या वर्षी निर्णय घेतला तर तो अधिक समजून घेतलेला असेल.

ओहमचा_नियम | 19 मे 2025

मी शासकीय तंत्रनिकेतनांमध्ये एकतीस वर्षे विद्युत विभागात शिकवले आणि निवृत्त झालो. प्रश्न तपशीलवार मांडला आहे, म्हणून उत्तरही तपशिलात देतो.

प्रथम वर्षांचा हिशेब पाहू. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार अशी सहा वर्षे होतात. पदविकेची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पदवीची तीन, अशीही सहाच होतात. त्यामुळे डिप्लोमाला गेल्याने वर्ष वाया जाते ही समजूत खरी नाही. फरक इतकाच की, पहिल्या मार्गात मधल्या टप्प्यावर हातात बारावीचे गुणपत्रक असते आणि दुसऱ्या मार्गात स्वतंत्रपणे नोकरी देणारी पात्रता असते. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा या खात्यांतील कनिष्ठ अभियंत्याची स्थापत्याची पदे, रेल्वे भरती मंडळाची आणि कर्मचारी निवड आयोगाची कनिष्ठ अभियंता परीक्षा, या सगळ्यांसाठी त्या त्या शाखेची पदविका ही मान्य पात्रता आहे. शिवाय 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली पदविकाधारकाला एक वर्ष विद्यावेतनासह कारखान्यात काम करता येते. आपल्या दुकानाच्या दृष्टीने सांगायचे तर विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना आणि पुढे कंत्राटदाराचा परवाना मिळवण्यासाठी ही पदविका थेट उपयोगी पडते.

आता प्रवेशाविषयी. पदविकेला प्रवेशपरीक्षा नाही, दहावीच्या गुणांवर तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून जागा मिळते. पात्रता 35 टक्क्यांची असली, तरी शासकीय तंत्रनिकेतनांत मागणी असलेल्या शाखांच्या याद्या त्याच्या खूप वर बंद होतात. शासकीय संस्थेचे वार्षिक शुल्क दहा हजारांच्या आत असते. आपले वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि मुलगी इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील असेल, तर 8 जुलै 2024 चा शासन निर्णय अवश्य वाचावा. केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या अशा मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क त्यात पूर्ण माफ केले आहे. ही सवलत संस्थास्तरावरच्या, म्हणजे संस्थेने स्वतः भरलेल्या जागेला मिळत नाही. वसतिगृह आणि खानावळीचा खर्चही त्यात धरलेला नाही. प्रमाणपत्रे मात्र आजपासूनच काढायला घ्यावीत. 2025-26 च्या प्रवेशासाठी नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र 31 मार्च 2026 पर्यंत वैध असले पाहिजे, आणि दरवर्षी जून महिन्यात तहसील कार्यालयात अडकलेल्या एका कागदापायी हातची जागा गेलेली मुले मी पाहिली आहेत.

सह्यकडा यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. परंतु मुलीचा कल खरा आहे की घरातल्या सवयीचा, हे ओळखण्याची एक खूण मला इतक्या वर्षांत सापडली आहे. ज्या मुलाला केवळ अवजारे हाताळायला आवडतात, त्याला पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये मजा येते आणि गणिताच्या तासाला तो मागच्या बाकावर जाऊन बसतो. ज्याला हे असेच का होते असा प्रश्न पडतो, तो पुढे टिकतो. आपल्या मुलीने वही केली, तीन वेळच्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि दोष मोटारीबाहेर आहे हे शोधले. याला अभियांत्रिकी विचार म्हणतात. हे क्लास लावून शिकवता येत नाही.

तरीही एक सावधगिरी सांगतो. पदविका म्हणजे नुसते हाताचे काम असे समजून तिला पाठवू नका. पहिल्या वर्षात गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र आहेच, वेगही शाळेपेक्षा खूप जास्त असतो, कारण सत्र जेमतेम साडेतीन-चार महिन्यांचे असते. दहावीत ऐंशी-नव्वद टक्के मिळवलेली मुले पहिल्या सत्रात गणितात नापास होताना मी दरवर्षी पाहत आलो. तंत्रशिक्षण मंडळाने अलीकडे द्विभाषिक (इंग्रजी-मराठी) अध्यापनाची मुभा दिली आहे, त्याचा सेमी इंग्रजीच्या मुलांना आधार होतो, पण अभ्यासाला तो पर्याय नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, जे 2022 पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले आहे, ते 1854 साली सुरू झाले तेच सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी हाताखालचे अधिकारी घडवण्यासाठी. आज ज्याला आपण पदविकेच्या पातळीचे शिक्षण म्हणू, त्यातूनच आपल्याकडची पदवीची परंपरा उगवली. पदविकेला दुय्यम मानण्याची सवय बरीच नंतरची आहे.

कृष्णाकाठ | 19 मे 2025

सर, मनःपूर्वक आभार. आपले उत्तर मी घरी सर्वांना वाचून दाखवले. आम्ही इतर मागास वर्गात येतो आणि उत्पन्न मर्यादेच्या आत आहे. शुल्कमाफीची माहिती आम्हाला नव्हती. सौभाग्यवतींचा एक प्रश्न आहे की, संस्था चांगली आहे हे बाहेरून कसे ओळखावे? आमच्या जवळच एक खासगी तंत्रनिकेतन आहे, इमारत मोठी आहे आणि प्रवेशासाठी त्यांचे लोक घरी येऊन गेले.

वैनगंगा | 20 मे 2025

या धाग्यावर लिहू की नको, असा दोन दिवस विचार करत होते. माझ्या मुलाला दहावीत 91 टक्के होते, म्हणून पदविकेचा विचारही आमच्या मनात आला नाही. नागपूरला एका क्लासमध्ये त्याला घातले. प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात, प्रत्यक्ष शिकायला मात्र क्लासमध्येच, अशी ती व्यवस्था होती. महाविद्यालयात तो दोन वर्षांत मोजून सहा-सात वेळा गेला असेल. भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिके परीक्षेच्या आधी एका आठवड्यात उरकली, आणि त्यानेच मला नंतर सांगितले की, प्रयोगवहीतली निरीक्षणे त्याने मित्राच्या वहीतून उतरवली होती. सकाळी सात ते संध्याकाळी सात एका खोलीत बसून बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे, दर रविवारी चाचणी आणि तिच्या निकालावरून तुकडी वर-खाली. दुसऱ्या वर्षी दिवाळीत घरी आला, तेव्हा अंगणातला बिघडलेला दिवाही बघायची त्याला इच्छा उरली नव्हती. लहानपणी हाच मुलगा रेडिओ खोलून बसायचा.

सीईटीत त्याला 78 पर्सेंटाइल मिळाले आणि हवी ती शाखा मिळाली नाही. आज तो एका खासगी महाविद्यालयात शिकतो आहे आणि सावरतो आहे. विज्ञान शाखा वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. पण दोन वर्षे थांबून विचार करता येईल असे जे वर लिहिले आहे, ती दोन वर्षे प्रत्यक्षात विचार करण्यासाठी मिळतच नाहीत, हे मला आईच्या नात्याने सांगावेसे वाटते. दादा, अकरावी घ्यायचीच झाली तर जिथे रोज तास होतात आणि प्रयोगशाळेचे कुलूप उघडते, असे साधे कनिष्ठ महाविद्यालय शोधा.

लाप्लास | 20 मे 2025

मी स्वतः विद्युत पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला गेले. आता नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्विचगिअर (वीजप्रवाह चालू-बंद करणारी उपकरणे) चाचणी विभागात काम करते. सरांनी लिहिलेले सगळे बरोबर आहे, पण थेट दुसऱ्या वर्षाची अडचण कोणी मोकळेपणाने सांगत नाही, म्हणून ती सांगते.

पदविकेच्या अंतिम टक्केवारीवर प्रवेश मिळतो, सीईटी द्यावी लागत नाही. प्रत्येक शाखेच्या मंजूर जागांच्या दहा टक्के आणि शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा अशी संख्या असते. सांगलीचे वालचंद किंवा मुंबईचे व्हीजेटीआय हवे असेल तर टक्केवारी नव्वदीच्या बरीच पुढे लागते, कारण तिथे जागा फारशा रिकाम्या राहत नाहीत. म्हणजे पदविकेच्या शेवटी गुण कमी पडून चालत नाही. दुसरे म्हणजे प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत वर्ग सुरू होऊन गेलेले असतात. मी वर्गात बसले तेव्हा एम-थ्रीचा, म्हणजे तिसऱ्या सत्राच्या गणिताचा, पहिला घटक संपला होता. बाकीच्या मुलांनी पहिल्या वर्षात एम-वन आणि एम-टू केलेले असते, आम्ही ते कधी पाहिलेले नसते, आणि फळ्यावर एकदम लाप्लास रूपांतर सुरू असते. पहिल्या चाचणीत मला वीसपैकी चार गुण मिळाले. रात्री खोलीवर येऊन मी रडले आणि आपण इथे यायला नको होते असे आईला फोनवर सांगितले.

त्याच आठवड्यात यंत्रांच्या प्रयोगशाळेत तीन फेज इंडक्शन मोटारीची भार चाचणी होती. आमच्या गटातल्या चौघांना सीईटीत नव्वदच्या वर पर्सेंटाइल होते, परंतु मोटार किती वीज घेते हे मोजणारे दोन वॉटमीटर जोडायचे कसे हे कोणालाच माहीत नव्हते. मी जोडणी केली. एका वॉटमीटरचा काटा उलटा जाऊ लागला, तेव्हा सगळे घाबरले. शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर) 0.5 च्या खाली असला की असे होते, म्हणून कॉइलची टोके उलटवून ते वाचन वजा धरायचे, हे मला पदविकेत शिकवले होते. त्या दिवसापासून मी त्यांना प्रयोगशाळा शिकवली आणि त्यांनी मला गणित शिकवले. एम-थ्री मी त्याच सत्रात पास झाले, 52 गुणांनी.

म्हणून माझा सल्ला असा की, मुलगी पदविकेला गेली तर तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीची वाट न बघता पहिल्यापासूनच बारावीचे गणिताचे पुस्तक सोबत ठेवा. रोज अर्धा तास पुरे. कलन (कॅल्क्युलस) आणि सदिश (व्हेक्टर) पक्के असले की पुढचे जड जात नाही.

तुमच्या सौभाग्यवतींच्या प्रश्नाविषयी: इमारत बघू नका, मशीन लॅब बघा, आणि तीही कामाच्या दिवशी, आधी न कळवता. मोटार-जनरेटर संचावर धूळ आहे की हाताचे डाग आहेत ते बघा. मीटरवर अखेरच्या तपासणीची तारीख कोणती आहे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या प्रयोगवह्यांमधली निरीक्षणे सगळ्यांची सारखीच आहेत का, हेही बघा. आणि नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या मुलींना भेटा. माझी एक मैत्रीण एका खासगी संस्थेत होती. तिथे तीन वर्षांत तिने ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट सर्किट चाचणी हाताने एकदाही केली नाही, कारण त्यासाठी लागणारा ऑटोट्रान्सफॉर्मर एकच होता आणि तोही नादुरुस्त होता. घरी येऊन प्रवेश मागणारी संस्था म्हटली की मला हेच आठवते.

सह्यकडा | 21 मे 2025

वैनगंगा ताईंचा अनुभव वाचून माझ्या मुद्द्यातली एक बाजू मी पुरेशी पाहिली नव्हती हे मान्य करतो. वास्तुविशारद होण्याचा मार्ग पदविकेनंतरही खुला असतो, गणित विषय असेल तर पदविकाधारकाला त्यासाठीची नाटा प्रवेशपरीक्षा देता येते, हेही मला आता समजले. तरीही माझा एक आग्रह कायम आहे. मुलीला तिच्या दुकानाबाहेरचे जग एकदा तरी दाखवा आणि मग विचारा. तिने तेव्हाही हेच सांगितले, तर माझी हरकत नाही.

ओहमचा_नियम | 21 मे 2025

सह्यकडा यांच्या आग्रहाशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात एक भर घालतो. पदविका विद्युतची असली तरी थेट दुसऱ्या वर्षाला दुसरी शाखा घेण्याची मुभा आहे, फक्त राहिलेले विषय भरून काढावे लागतात. त्यामुळे आजचा निर्णय म्हणजे जन्माची गाठ नव्हे.

लाप्लास यांनी वॉटमीटरचे लिहिलेले वाचून खूप समाधान वाटले. तो काटा उलटा फिरला की मुले घाबरून पुरवठा बंद करतात. त्याच क्षणी त्यांना थांबवून हे का झाले असे विचारायचे असते.

कृष्णाकाठ | 2 जून 2025

उशिरा लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व. या दहा-बारा दिवसांत आम्ही तिघांनी मिळून बरेच काही पाहिले.

सह्यकडा यांनी सांगितल्याप्रमाणे मुलीला प्रथम मिरजेला एका नातलगांच्या औषध दुकानात आणि रुग्णालयात दिवसभर नेले. नंतर सांगलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या शिक्षकांना भेटलो. तिला ते शिक्षक आवडले, आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळाही तिने मन लावून पाहिली. परत येताना एसटीत ती बराच वेळ गप्प होती, त्यामुळे मला वाटले की तिचा विचार बदलला.

पुढच्या आठवड्यात घराजवळच्या खासगी तंत्रनिकेतनात गेलो. मशीन लॅब दाखवा म्हटल्यावर चावी सापडेना. कार्यालयात चहा दिला, माहितीपत्रक दिले, पण प्रयोगशाळा शेवटपर्यंत उघडली नाही. त्यानंतर शेजारच्या जिल्ह्यातल्या शासकीय तंत्रनिकेतनात गेलो. इमारत जुनी आहे, भिंतींचा रंग उडालेला आहे. परीक्षेमुळे वर्ग नव्हते, पण प्रयोगशाळेत एक सहायक मोटारीचे बेअरिंग बदलत होते. त्यांनी आम्हाला आत घेतले. भिंतीकडेला एक स्टेटर उघडा करून शिकवण्यासाठी ठेवला होता. मुलीने वाकून खाचा मोजल्या आणि हे वायंडिंग आमच्या दुकानातल्यासारखे नाही, दोन थर का आहेत, असे विचारले. त्या गृहस्थांनी हातातला पाना खाली ठेवला, खडू घेतला आणि जमिनीवरच आकृती काढून तिला पाऊण तास समजावले. सौभाग्यवती शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होत्या. बाहेर आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या की, मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करून येऊ या.

वसतिगृहात जागा थोड्या आहेत आणि त्या गुणवत्तेनुसार मिळतात. न मिळाल्यास एसटीचा पास काढून रोज जाऊन-येऊन करावे लागेल, जाण्यायेण्यात तीन तास मोडतील. ही एक चिंता अजून आहे. मेहुण्यांचे मन पूर्ण वळलेले नाही, पण त्यांनीच काल तहसील कार्यालयात बसून नॉन-क्रिमिलेअरचे काम मार्गी लावले.

आज सुविधा केंद्रात कागदपत्रांची पडताळणी झाली. पसंतिक्रमात पहिले तीनही पर्याय शासकीय संस्थांमधल्या विद्युत शाखेचे भरायचे ठरले आहे. क्लासवाल्यांना नकार कळवला. अकरावीचा ऑनलाइन अर्ज मात्र भरून ठेवला आहे, कारण यंदा ती प्रक्रिया राज्यभर एकच आहे आणि पदविकेची यादी लागेपर्यंत हाताशी काहीतरी असावे. लाप्लास ताई, बारावीची गणिताची दोन्ही पुस्तके मुलीने शेजारच्या मुलाकडून आणली आहेत आणि टर्नच्या वहीच्या मागच्या पानांवर गणिते सोडवायला सुरुवात केली आहे. सदिशांच्या प्रकरणात ती एका ठिकाणी अडली आहे, ते मला सांगता येत नाही. आपली परवानगी असेल तर तो प्रश्न उद्या येथेच टंकून विचारतो.